काल काय खाल्लं?

(टेबलावर लहान-मोठ्या वाट्यांची चळत, मोठी रिकामी बाटली, कापडी पिशवी. नट प्राध्यापकी गांभीर्याने बोलतो.)

प्रौढ माणूस आहाराचे नियम किती पाळतो, हे मोजण्याची सर्वांत स्वस्त पद्धत म्हणजे त्यालाच विचारणे. तिचा एक प्रकार म्हणजे चोवीस तासांचे आहारस्मरण. सर्वेक्षक ‘काल काय खाल्लं?’ विचारतो आणि ठरावीक मापाच्या वाट्या पुढे मांडतो.

(सर्वांत लहान वाटी उचलून) तुपासाठी बोट हिच्याकडे जाते.

(सर्वांत मोठी उचलून) पालेभाजीसाठी हिच्याकडे.

पोळ्या दोनच असतात. तिसरी ‘उरली होती म्हणून’ पोटात गेलेली असते, आणि उरलेले संपवणे हे जेवणात नव्हे, घरकामात मोडते. काल एकादशी असेल तर प्रश्नच मिटला. उपवास होता, म्हणजे साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस आणि बटाट्याचा चिवडा सोडून काही नाही.

उत्तरे मिळाली की गुण द्यायचे. अमेरिकेच्या कृषी खात्याने 1995 मध्ये 100 गुणांचा आहार-निर्देशांक काढला. त्यात आता 13 विषय आहेत. फळे, भाज्या, डाळी अशा नऊ विषयांत पुरेसे खाल्ले तर गुण. मीठ, साखर, मैद्यासारखी धान्ये आणि संपृक्त चरबी या चारांत हात आखडला तर गुण. तिथली सरासरी 58 च्या आसपास. (हळहळून) पहिला वर्ग दोन गुणांनी हुकला! आणि पेपर फेरतपासणीला देता येत नाही.

जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान 400 ग्रॅम फळे-भाज्या सांगते, पण बटाटा त्यात धरत नाही. इथे वडापावाची बाजू लंगडी पडते. व्यायाम आठवड्याला किमान 150 मिनिटे, मध्यम जोराचा. वडापावाच्या गाडीपर्यंतची चाल यात घालावी, असा बऱ्याच जणांचा आग्रह असतो.

मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत हवे. ते मात्र विचारून कळत नाही, कारण लोणच्याची फोड कोणी मोजून घेत नाही. खाल्लेले बहुतेक सोडियम लघवीवाटे बाहेर पडते. म्हणून सकाळची पहिली लघवी सोडून पुढच्या 24 तासांची, दुसऱ्या सकाळच्या पहिलीसकट, (बाटली उचलून) हिच्यात साठवतात. ही साक्ष फिरत नाही. त्या दिवशी नेमके लग्न निघाले, तर बाटली बरोबर न्यावी लागते. (पिशवीत घालतो.) मांडवाच्या दारात यजमान पिशवीकडे बघून म्हणतात, ‘अहो, पत्रिकेत छापलं होतं ना, आहेर आणू नये!’

(पिशवी छातीशी धरून नट लगबगीने निघून जातो. अंधार.)