नव्वद टक्क्यांची गोड थाप

‘फायर एम्ब्लेम’ हा लढायांचा व्हिडिओ गेम नव्याने खेळणाऱ्याला जाणकारांचा पहिला सल्ला: वार लागण्याची शक्यता सांगणाऱ्या पडद्यावरच्या आकड्यावर विसंबू नका, मेलेला शिपाई सहसा परत येत नाही. आकडा खोटा आहे हे खरेच, पण खोट आपल्याच सोयीची. २००२च्या ‘द बाइंडिंग ब्लेड’पासून या जपानी मालिकेतल्या अनेक खेळांत नेम यदृच्छया काढलेल्या दोन आकड्यांच्या सरासरीवर ठरतो; ती दाखवलेल्या आकड्याहून कमी भरली तर वार लागतो, आणि सरासरी टोकाला क्वचितच जाते. म्हणून ९० टक्क्यांचा वार सुमारे ९८ टक्के वेळा लागतो, १० टक्क्यांचा जेमतेम २.

शत्रूलाही हाच नियम आहे, असे कोणी म्हणेल. आहेच, पण ज्याचा नेम मुळात चांगला त्यालाच तो धार्जिणा, आणि असा बहुधा आपणच असतो. मग ही लबाडी कशाला? कारण खरे ९० दाखवून दहातला एक वार हुकला, की आपण खेळालाच लबाड ठरवतो. प्रामाणिक वाटण्यासाठी बिचाऱ्याला खोटे बोलावे लागते. नवख्यांनी खुशाल विसंबावे; फक्त ९८ म्हणजे १०० नव्हेत.