मधुभाऊ बोट पाहून राहिले

वस्तू घेणारे लोक वेगळे आणि वस्तू ‘पाहणारे’ लोक वेगळे. दुसऱ्या प्रकारातला एक तरी गृहस्थ नागपूरच्या प्रत्येक ले-आउटमध्ये सापडतो. पाटबंधारे खात्यातून निवृत्त, सकाळी अंबाझरीच्या बांधावर फेरी, मग तर्रीपोहे, आणि उरलेला दिवस कुठल्या तरी वस्तूचा अभ्यास. आमच्याकडच्या या गृहस्थांचं नाव मधुभाऊ. सध्या ते शिडाची कॅटॅमरान पाहून राहिले आहेत.

यापूर्वी त्यांनी दुर्बीण पाहिली, गिअरची सायकल पाहिली, लाकडी तेलघाणा पाहिला. पाण्याचा फिल्टर तर इतका पाहिला की त्याला इतिहासात जागा मिळावी. कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून ‘म्हादेई’ ही शिडाची बोट घेऊन एकटे निघाले आणि १९ मे २०१० ला पृथ्वीला वळसा घालून परत आले. असं करणारे ते पहिले भारतीय. त्याच नऊ महिन्यांत मधुभाऊ ‘कँडल की आरओ’ या प्रश्नात होते. दोंदे मुंबईला लागले, मधुभाऊ अजून कँडलवरच होते. शेवटी वहिनींनी भावाला सांगून फिल्टर बसवून घेतला. मधुभाऊ त्याचं पाणी पितात, पण तो निर्णय घाईचा होता असं म्हणतात.

नागपूरच्या माणसाने शिडाची बोट कशाला पाहावी, हा प्रश्न त्यांना विचारू नये. विचारला की भोसले येतात. १७५१ पासून कटक प्रांत नागपूरकर भोसल्यांकडे होता, म्हणजे बंगालच्या उपसागराचा किनारा आपला होता. १८०३ मध्ये देवगावच्या तहात इंग्रजांनी तो काढून घेतला. हे मधुभाऊ वाटणीत गेलेल्या शेतासारखं सांगतात. “समुद्र आपला होता राजा. गेला!” त्यानंतर आपल्याला मिळाला तो समृद्धी महामार्ग. ७०१ किलोमीटर गाडी हाकली तरी तो भिवंडीजवळ आमण्यालाच सोडून देतो, समुद्र आपला आपण शोधायचा.

आता बोटीकडे. मधुभाऊंचं ज्ञान पक्कं आहे, हीच खरी अडचण. दोन अरुंद नावा, त्यांना जोडणाऱ्या आडव्या दांड्या, मध्ये ताणून बांधलेली जाळी आणि वर शीड, अशी ही रचना. खाली वजनदार कणा नाही, त्यामुळे हलकी आणि वेगवान. कोकणातल्या उलांडीच्या होडीची ही मॉडर्न चुलत बहीण, असं ते म्हणतात. ऑलिंपिकमध्ये १९७६ ते २००८ टोर्नाडो ही कॅटॅमरान होती, २०१६ पासून नाक्रा १७ आली आणि तिच्यावर एक पुरुष व एक स्त्री अशी जोडी लागते. हे ऐकल्यावर वहिनी स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या, “मले नका मोजू.”

नवशिक्याने कोणती घ्यावी, यावर मधुभाऊंचं मत दर पंधरवड्याला बदलतं, पण मुद्दे बदलत नाहीत. होबी १६ ही जगात भरपूर खपलेली बोट. कॅलिफोर्नियात सर्फबोर्ड बनवणाऱ्या होबी आल्टरने १९७० च्या सुमारास ती आणली. साडेसोळा फूट लांब, १४५ किलो, केळ्यासारख्या वाकड्या नावा. जुनी बोट स्वस्त मिळते आणि सुटे भागही मिळतात. पण जोराचा वारा मागून आला की वाऱ्याच्या खालच्या बाजूची नाव नाक खुपसते आणि बोट पुढच्या पुढे कोलांटी खाते. शिवाय ती उलटली तर सरळ करायला दोन माणसांचं मिळून साधारण १३५ किलो वजन दोरीला लटकायला हवं. मधुभाऊंचं ५८. “म्हणजे मले एक जाडा पार्टनर पाहावा लागेल,” असं म्हणून ते माझ्याकडे बघतात.

दुसरी होबी वेव्ह. तेरा फुटांची, साच्यात ओतलेल्या प्लास्टिकची. एकच शीड, आणि शिडाखालची आडवी काठीच नाही, त्यामुळे वळताना डोक्यावर काही आदळत नाही. डोलकाठीच्या टोकाला फुगा, म्हणजे उलटली तरी पूर्ण पालथी होऊ नये. खडकावर घासली तरी सहन करते. ज्याला शिकायचं आहे त्याने हीच घ्यावी, हे मधुभाऊंना मनातून पटलेलं आहे. पण ज्या वस्तूत दोष सापडत नाही तिचा अभ्यास करायचा कसा? म्हणून ते पुन्हा होबी १६ कडे वळतात.

जुनी फायबरची बोट तपासायची पद्धत त्यांनी ले-आउटच्या बागेतल्या फायबरच्या घसरगुंडीवर दाखवली. आधी अंगठ्याने दाबायचं: आतले थर सुटले असतील तर पृष्ठभाग दबतो. मग बोटाचं पेर वाजवत जायचं: टणक आवाज आला तर ठीक, भद्द आला तर तिथे पाणी शिरलेलं. पाच-सहा पोरं वर रांगेत खोळंबली होती आणि मधुभाऊ घसरगुंडीला कान लावून उकिडवे बसले होते. “डावीकडून गेलेली आहे,” हा त्यांचा निकाल. पुढच्या पावसाळ्यात ती डावीकडूनच तडकली, हे नोंदवायला हवं.

शिडाचं शास्त्र मे महिन्यात झालं. हॉलमध्ये कूलर फुल्ल, खसाचा वास, आणि मधुभाऊ कूलरसमोर पंचाची दोन टोकं धरून. वारा नाकासमोरून येत असेल तर बोट सरळ जाऊ शकत नाही, तिरकं तिरकं जावं लागतं. कॅटॅमरान हलकी, त्यामुळे वळण घेताना मध्येच वेग मरतो आणि ती वाऱ्याकडे तोंड करून उभी राहते. तेव्हा पुढचं शीड क्षणभर उलटं धरून नाक ढकलायचं. हे दाखवताना पंचा कूलरच्या पंख्यात गेला. नंतर दोन दिवस ते घर वाऱ्याविना होतं.

डोलकाठीचा प्रश्न मात्र खरा आहे. होबी १६ ची डोलकाठी साडेसव्वीस फुटांची, अॅल्युमिनियमची. उभ्या डोलकाठीने बोट ढकलताना ती विजेच्या तारांना लागून अमेरिकेत माणसं गेली, म्हणून कंपनीने पुढे वरचं टोक वीज न वाहणारं केलं. मधुभाऊंनी आमच्या गल्लीतल्या तारा मोजल्या. विजेच्या, केबलच्या, इंटरनेटच्या, आणि एक कुणाचीच नाही अशी.

आणि पाणी? अंबाझरी घराजवळ. फुटाळ्याला चौपाटीची गर्दी, तिथे शीड लावलं तर लोक भेळवाला समजतील. रामटेकजवळचा खिंडसी सगळ्यात चांगला, ऐसपैस, पण टेकड्यांमुळे वारा कुठून येईल सांगता येत नाही. शिवाय खाजगी बोटीला परवानगी लागेल, आणि त्या बाबतीत मधुभाऊंचा अभ्यास सर्वात खोल आहे. “त्या खुर्चीवर मी स्वतः बसलेलो आहे ना! मी कुणाले देली नाही, मले कोण देईल?”

वहिनींचा युक्तिवाद थोडक्यात असतो. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरीचं पाणी वस्त्यांमध्ये शिरलं, त्या रात्री बोट असती तर कुणाच्या कामी तरी आली असती. “तेव्हा तुम्ही शिडाचं कापड पाहून राहिले होते.” यावर मधुभाऊ गप्प बसले. मग हळूच म्हणाले, पुराच्या पाण्यात शिडाची बोट चालत नाही. हेही बरोबरच होतं.

खरं तर आधी शिकावं आणि मग घ्यावी. भोपाळच्या मोठ्या तलावावर शिडाच्या बोटी चालतात, हैदराबादच्या हुसेनसागरावरही चालतात, आणि दोन्ही गावं नागपूरहून एका रात्रीच्या गाडीवर आहेत. हे मी मधुभाऊंना सुचवलं. त्यांना कल्पना आवडली. आता ते गाड्या पाहून राहिले आहेत.

वाचकांपैकी कुणाला आपली वापरलेली कॅटॅमरान विकायची असेल, तर विनंती आहे की मधुभाऊंना कळवू नका. ते घेतील अशी भीती अजिबात नाही. पण ते येतील, अंगठ्याने दाबतील, पेराने वाजवतील, आणि गेल्यावर ती बोट तुम्हालाच ठेवावीशी वाटणार नाही.