आमेन, पण वेळ काय?

रविवारच्या उपासनेत सूचना शेवटच्या गायनाआधी का वाचतात, हे मला कोणी सांगितलेलं नाही, पण मी बघते आहे. तेवढ्या वेळात बायकांना सनकोट चढवता येतो आणि पुरुषांना गाडीची किल्ली सापडते. मे महिन्यातल्या व्हीबीएसची, म्हणजे मुलांच्या उन्हाळी बायबल शाळेची, खबर घरोघर पोचवायचं काम पाळकसाहेबांनी माझ्या गळ्यात घातलंय. "बाई, तुमचा आवाज मोठा आहे," एवढ्या पात्रतेवर.

आवाजाचा काडीचा उपयोग नाही. 'उद्यापासून शाळा, सकाळी आठला' असं माईकवरून सांगून मी पायऱ्या उतरते, तोच एक मावशी हात धरतात, "यंदा व्हीबीएस आहे का हो?"

"आत्ताच सांगितलं ना, मावशी!"

"हो का? माझं लक्ष तुमच्या साडीकडे होतं."

मग चिठ्ठ्या काढल्या. वेळ, डबा, पाण्याची बाटली, समारोपाला पांढरा शर्ट, सगळं अर्ध्या पानावर. आईच्या हातात पडेपर्यंत चिठ्ठीची होडी झालेली असते आणि तिच्या बुडाशी फक्त 'शर्ट' एवढं वाचता येतं. एका घरून चिठ्ठी परत आली ती पाठीवर किराण्याची यादी घेऊन : पोहे अर्धा किलो, शेंगदाणे पाव, हिंगाची डबी. मी शेवटपर्यंत वाचली. कोणीतरी कोणाचं तरी वाचायला हवं.

अशा वेळी आठवतो इंग्लंडातल्या ग्लॉस्टरचा रॉबर्ट रेक्स. त्याने १७८० मध्ये गल्लीबोळातल्या गरीब पोरांसाठी रविवारची शाळा काढली. लोक त्याच्या परोपकाराचं कौतुक करतात. मला हेवा वाटतो तो त्याच्या छापखान्याचा. 'ग्लॉस्टर जर्नल' हे वर्तमानपत्रच त्याच्या मालकीचं होतं! १७८३ च्या नोव्हेंबरात त्याने त्यात शाळांची हकिकत छापली आणि पुढे गावोगाव तशा शाळा निघाल्या. तीन वर्षं कसा थांबला देव जाणे. मी असते तर पहिल्याच अंकात चौकट टाकली असती : 'डबा घरून आणावा.' अर्थात आमचं नगर शहरही काही कमी नाही. 'ज्ञानोदय' हे ख्रिस्ती नियतकालिक इथेच निघालं, १८४२ साली. इतक्या पिढ्या छापील कागद हाताळलेल्या गावाला माझ्या अर्ध्या पानाचं काय अप्रूप!

तरुण संघाची पोरं म्हणाली, ग्रुप काढा. काढला. त्यावर लिहिलं, 'उद्या मुलांना अकराऐवजी साडेदहाला सोडू. न्यायला वेळेवर या.' खाली धडाधड 'आमेन', 'आमेन', 'हालेलुया', जोडलेले हात. एका काकांनी उगवत्या सूर्यावर वचन छापून पाठवलं. एका आजींनी गुडघ्यासाठी प्रार्थनाविनंती टाकली, तिच्यावर 'आमेन'ची दुसरी लाट आली. माझं साडेदहा वर वर सरकत स्वर्गाच्या दिशेने निघून गेलं.

मात्र जे कळवायचं नसतं ते बरोबर कळतं. समारोपाच्या नाटुकल्यात दावीद कोण, गल्याथ कोण आणि मेंढरं कोण, हे मी वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीने लिहून वही पर्समध्ये टाकली होती. दिवेलागणीला सावेडीहून फोन. "सलाम बाई. आमच्या पोराला मेंढरू?"

लूकच्या शुभवर्तमानात बारा वर्षांचा येशू यरुशलेमेच्या मंदिरातच राहतो आणि मुलगा बरोबरच्या माणसांत असेल या भरवशावर आईबाप दिवसभराची वाट चालून जातात. सापडतो तो तीन दिवसांनी. हा धडा मी मुलांना शिकवते. पालकांना शिकवायची सोय नाही. साडेदहाच्या त्या दिवशीही एक मुलगा उरलाच. बापाला वाटलं आजोबा आणतील, आजोबांना वाटलं रिक्षावाला आणेल, आणि रिक्षावाल्याला अकराच ठाऊक. पोरगं पायरीवर बसून ग्लुकोज बिस्किटं पाण्यात बुडवून खात होतं. एक बुडालं, ते त्याने बोटाने काढून खाल्लं. त्याला घरची ओढ अशी काही दिसली नाही.

शेवटी बाप मोटारसायकलवरून आला. "काय हे बाई! लवकर सोडायचं तर ग्रुपवर टाकायचं ना."

मी मोबाईल काढला, निरोप शोधला आणि त्यांच्यापुढे धरला. खालचं पहिलंच 'आमेन' त्यांचं होतं.

ते चष्मा वर करून नीट बघत म्हणाले, "हां, ते होय. ते मी सकाळी उठल्यावर सगळ्यांनाच टाकतो."