'होतंच असं' म्हणणाऱ्यांस अनावृत पत्र

प्रति,
समस्त काकू, मावश्या, आत्या, वन्सं, शेजारच्या भाभीजी आणि न विचारता बोलणारे दोन काका,
खजराना व परिसर, इंदूर.

विषय : नवव्या महिन्यात दुखणाऱ्या हातांबाबत आपण केलेल्या अमूल्य मार्गदर्शनाबद्दल आभार मानणेबाबत.

स. न. वि. वि.

आधी एक खुलासा. हे पत्र माझ्या हातचं नाही. उजव्या हाताची बोटं संपावर असल्यामुळे मी सांगते आहे आणि नवरा लिहून घेतो आहे. सांगणाऱ्यानं मध्ये थांबायचं नाही ही गणपतीनं व्यासांना घातलेली अट त्यानं मलाही घातली, कारण साडेसातला मॅच आहे. व्यासांनी उलट घातलेली अट मीही घातली : समजल्याशिवाय अक्षर उमटवायचं नाही. त्यामुळे पत्राला अंमळ वेळ लागतो आहे.

आता आभार. मध्यरात्री हात बधिर होऊन जाग येते, बोटांत मुंग्या येतात, हात झटकला की जरा बरं वाटतं, हे मी आठव्या महिन्यात भाबडेपणानं चारचौघींत बोलून गेले. चहा संपायच्या आत निदानं हजर झाली. एकीनं वात सांगितला, दुसरीनं कॅल्शियम, तिसरीनं मोबाइल. भाभीजींनी नजर उतरवली आणि काळा दोरा बांधला, तोही नेमका सुजलेल्या मनगटावर, करकचून. ओवा-लसूण घालून कढवलेलं मोहरीचं तेल इतक्या घरांतून आलं की रविवारच्या पोह्यांची फोडणी त्यात निघाली असती. एका काकांनी तर जाहीरच केलं की उजवा हात जास्त दुखतोय म्हणजे मुलगा. काका, गर्भलिंग सांगायला १९९४च्या कायद्यानं बंदी आहे. सोनोग्राफी केंद्राच्या भिंतीवर तशी पाटी असते. आपल्या बैठकीत ती नाही, एवढंच. उजवा जास्त दुखतो कारण मी कामं उजव्या हातानं करते. डावाही दुखतो. त्यावरून जुळ्यांचा अंदाज बांधू नये.

आणि मग ज्यावर सगळ्यांचं एकमत झालं ते वाक्य आलं : "होतंच असं."

वाक्य खोटं नाही, ही त्याची खुबी. गरोदरपणात, त्यातून शेवटच्या तीन महिन्यांत, हा त्रास पुष्कळ जणींना होतो. पण आपण ते म्हणता आणि एक क्षण थांबता. त्या थांबण्यात 'तेव्हा आता कणीक भिजव' हे मला अगदी स्वच्छ ऐकू येतं.

२००४मध्ये सचिनचं कोपर दुखायला लागलं, तेव्हा घरातल्या शाळकरी पोरापासून आजोबांपर्यंत सगळ्यांना 'टेनिस एल्बो' पाठ झालं. पुढल्या वर्षी लंडनला शस्त्रक्रिया झाली. इंदूर म्हणजे होळकर संघाचं, सी. के. नायडूंचं गाव, देशानं एका कोपराची काळजी केली त्यात आपणही मागे नव्हतो. बॅट धरली की होतंच असं, आमच्या वेळी तर आम्ही दुखऱ्या कोपरानं द्विशतकं ठोकायचो, असं कोणी म्हणाल्याचं आठवत नाही. एवढं लांब कशाला, आमच्या बाबांचाच गुडघा घ्या. त्याला नी-कॅप आहे, शेकायची पिशवी आहे, फिजिओथेरपीची वेळ फ्रिजवर चिकटवलेली आहे. (लेखनिक म्हणतो, बाबांना यात ओढू नकोस. समजून लिही, मग हरकत घे.)

तर मनगटातली भानगड अशी. तळहाताच्या बाजूला मनगटात एक अरुंद बोगदा आहे. खाली आणि दोन्ही कडांना बारकी हाडं, वरून एक चिवट पट्टा. त्यातून बोटं मिटवणाऱ्या नऊ कंडरा जातात आणि त्यांच्या सोबतीनं एक नस. गरोदर बाईच्या अंगात नऊ महिन्यांत सहा ते आठ लिटर जास्तीचं पाणी साठतं, आणि ते फक्त पायांवर दिसत असलं तरी फक्त पायांत नसतं. बोगदा काही रुंद होत नाही. आतल्या कंडरांची आवरणं फुगतात आणि त्या नसेची अवस्था रात्री अकराला सराफ्याच्या गर्दीत सापडलेल्या आजोबांसारखी होते : पुढे सरकता येत नाही, मागे फिरता येत नाही, चहूकडून कोपरं. डॉक्टर याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. आडवं झालं की पायात उतरलेलं पाणी अंगभर पसरतं, झोपेत मनगट दुमडून उशीखाली जातं, म्हणून रात्र वैऱ्याची. "दिवसा तर हिंडतेस-फिरतेस, रात्रीच कसं दुखतं?" या आपल्या मार्मिक प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे.

त्याहून मार्मिक प्रश्न आमच्या एका मावसआत्यांचा. त्यांनी माझा हात हातात घेऊन एकेक बोट दाबलं आणि विजयी मुद्रेनं विचारलं, "मग करंगळी कशी गं दुखत नाही?" ढोंग उघडं पडलं म्हणून बाकीच्या हसल्या. आत्याबाई, आपण नकळत डॉक्टरांचं काम केलंत. अंगठा, तर्जनी, मधलं आणि अनामिकेचा अर्धा भाग, एवढ्यांनाच ही नस जाते. करंगळीची नस वेगळी आणि तिचा रस्ताही या बोगद्याबाहेरून आहे. करंगळी शाबूत असणं हीच तर या दुखण्याची खूण.

जेम्स पॅजेट या इंग्रज शल्यविशारदानं मनगटाशी दबलेल्या या नसेची हकिगत १८५४मध्येच लिहून ठेवली आहे. पुढे १९५०च्या दशकात अमेरिकेत क्लीव्हलँडच्या जॉर्ज फेलन यांनी त्यावर बरंच लिहिलं आणि एक सोपी परीक्षा रूढ केली : दोन्ही हातांचे पंजे मागल्या बाजूंनी एकमेकांना टेकवायचे, बोटं जमिनीकडे, आणि मिनिटभर तसंच राहायचं. तेवढ्यात मुंग्या आल्या तर संशय पक्का. थोडक्यात, उलटा नमस्कार. खजरान्यात उलट्याचं माहात्म्य मी काय सांगावं? नवस बोलताना इथल्या मंदिरात गणपतीच्या पाठीमागच्या भिंतीवर उलटा स्वस्तिक काढायचा, इच्छा पुरी झाली की येऊन सुलटा, ही आपली रीत. आमच्यासाठीही कोणीतरी असा काढून ठेवला होता म्हणे. कोणी, ते गेल्या आठवड्यात कळलं. काढणाऱ्या तिघी निघाल्या.

मंदिरावरून आठवलं. ते अहिल्यादेवींनी १७३५मध्ये बांधलं असं आपण पाहुण्यांना छातीठोक सांगतो, आणि हे साल सगळीकडे छापलेलंही असतं. अहिल्यादेवींचा जन्म १७२५चा. म्हणजे तेव्हा त्या दहा वर्षांच्या. त्यांच्या हाती कारभार आला तो १७६७मध्ये. बाईंचं कर्तृत्व थोरच, पण वजाबाकी करायला काय जातं? तीच वजाबाकी मी आता आपल्या 'आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही' या वाक्याला लावते. आमच्या आईंना परवा निवांत विचारलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, धाकट्याच्या वेळी रात्री उठून माठाच्या गार पाण्यात हात बुडवून बसायचे. कोणाला बोलले नाही. काय बोलायचं, होतंच असं.

आता माझ्या अपराधांची कबुली. गणेशचतुर्थीला मी मोदकाच्या कळ्या पाडल्या नाहीत. त्या पाडायला अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट लागतं. म्हणजे नेमकी संपावर गेलेली मंडळी. उकड चिमटीत आहे की नाही हेच कळेना. एक मोदक ताटलीत पडून त्याची पुरी झाली, त्यावर 'आजकालच्या मुली' हा विषय अर्धा तास चालला. त्याआधी पावसाळ्यात भुट्ट्याचा कीस. डझनभर कणसं किसणीवर किसायची म्हणजे धडधाकट मनगटाचीही परीक्षा. मला ती 'बसल्या जागी हलकं काम' म्हणून मिळाली होती.

आणि डोहाळजेवणाच्या हिरव्या बांगड्या. कासारीण अनुभवी. तिनं माझा पंजा हातात घेतला, अंगठा तळहातात दुमडला, बोटांची मुळं एकत्र आवळली आणि साबणाचं पाणी लावून बांगडी सरकवू लागली. डोळ्यांत पाणी आलं, ते आपण सगळ्यांनी आनंदाश्रू म्हणून फोटोत घेतलं. दोन-चारच्या बांगड्या आणल्या होत्या. मी दोन-आठ मागितल्या तर 'सैल बांगडी शोभत नाही'. शेवटी कासारणीनंच दया येऊन प्रत्येक हातात दोनच भरल्या आणि म्हणाली, बाकीच्या बाळंतपणानंतर भरा. तिला कोणी मार्गदर्शनाला बोलावत नाही.

डॉक्टरीणबाईंनी काय दिलं असेल? मनगटाचा पट्टा. सर्जिकल सामानाच्या दुकानात काही शे रुपयांत मिळतो. आत तळहाताच्या बाजूनं एक पत्ती असते, मनगट सरळ ठेवते. रात्री बांधून झोपायचं, आवळून नाही. जिथे मनगट दुमडतं, जोर लागतो, घट्ट धरून ठेवावं लागतं, ती कामं सोडायची. हात उशीवर जरा उंच. अंगठ्या बोटांत रुतायच्या आत काढून ठेवायच्या. बहुतेकींना एवढ्यानं झोप लागते. मलाही लागायला लागली. नाहीच भागलं तर मनगटात इंजेक्शनही देतात, शस्त्रक्रियेची पाळी क्वचित. आणि बहुतेकींचं बाळंतपणानंतर काही आठवड्यांत-महिन्यांत आपोआप ओसरतं.

दोन ठिकाणी मात्र उपरोध बाजूला ठेवते. कपाटातल्या डब्यातली 'बाबांची गुडघ्याची गोळी' प्रेमानं पुढे करू नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्या या दिवसांत पोटातल्या बाळाच्या मूत्रपिंडाला आणि हृदयाजवळच्या रक्तवाहिनीला त्रास देऊ शकतात. काय घ्यायचं ते डॉक्टरांना विचारूनच. दुसरं, हात आणि चेहरा एकाएकी सुजले, डोकं फुटेल असं दुखलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, उजव्या बरगडीखाली दुखलं, तर तो रक्तदाबाचा मामला असू शकतो. तेव्हा कोणी 'होतंच असं' म्हणालं तर तिला घरी ठेवून दवाखाना गाठायचा, त्याच दिवशी. बोटं चोवीस तास बधिर राहिली, हातातून कप निसटायला लागला, तरीही वाट बघायची नाही.

बाळ आल्यावर आपली पुढची बैठक कोणत्या विषयावर भरेल, तेही मला ठाऊक आहे. अंगठ्याच्या मुळाशी मनगट दुखणं. फ्रिट्झ दं केर्व्हँ या स्विस शल्यविशारदानं १८९५मध्ये ते लिहून ठेवलं, म्हणून त्याच्याच नावानं ओळखलं जातं. काखेत अंगठे अडकवून पोराला पुन्हापुन्हा उचललं की अंगठ्याच्या कंडरा सुजतात. एक हात बुडाखाली, एक मानेखाली घालून ओंजळीत घेतल्यासारखं उचललं तर वाचतात. लिहून ठेवा, कारण तेव्हा मी झोपेत असेन.

मागण्या फार नाहीत. ओले कपडे दुसऱ्या कोणी पिळावेत. कणीक, लाटणं, किसणी, भरलेली बादली आणि कुकर यांच्याशी माझा संबंध तूर्त तोडावा. लेखनिकाला पोळ्या लाटता येतात, कॉलेजच्या खोलीवर तो लाटायचा. माहेरवाशिणी आल्या की त्याला ते आठवत नाही. (हे वाक्य त्यानं समजून लिहिलं आहे.) सुलटा स्वस्तिक काढायला मी येईनच, तेव्हा ज्या तिघींनी उलटा काढला त्यांनी पोराला धरावं.

कळावे, लोभ आहेच, तो जरा कमी केला तरी चालेल.

आपली,
करंगळीनं सही करणारी

ता. क. या पत्राला उत्तर पाठवायची तसदी घेऊ नये. पोळ्या पाठवाव्यात. घडीच्या, वीस.