दुसरी कुठाय?

गाडीची किल्ली हरवली की माणूस आधी खिसे चाचपतो, मग बायकोवर ओरडतो आणि तेवढ्यात तात्या हजर होतात. त्यांना कुणी बोलावलेलं नसतं. तुमच्या सोसायटीत त्यांचं नाव अण्णा असेल, नाहीतर भाऊकाका. पण शर्टाची बटणं लावत जिना उतरणारा हा माणूस तुम्ही पाहिलेला आहे. बाकीचे लोक निदान "शेवटची कुठे ठेवली होतीस, आठव" एवढी तरी आस्था दाखवतात. तात्यांना हरवलेल्या किल्लीत काडीचा रस नसतो. ते गाडीच्या टपावर हात ठेवतात आणि विचारतात, "दुसरी कुठाय?"

गाडी घेताना दोन किल्ल्या मिळतात. पहिली वापरल्यामुळे हरवते आणि दुसरी जपून ठेवल्यामुळे. "कपाटात जपून ठेवलीय" असं कुणी म्हणालं की तात्या डोळे मिटून घेतात. "म्हणजे गेली," असं म्हणून मगच उघडतात.

माझ्या मेहुण्याची किल्ली सिंहगडावर, सेल्फीच्या नादात, तानाजी कड्यावरून खाली गेली. त्याने मला फोन केला. दुर्दैवाने तात्या शेजारीच बसले होते. फोन त्यांनी काढूनच घेतला.

"दुसरी कुठाय?"

"आहे ना तात्या. गाडीतच आहे, डॅशबोर्डच्या खणात."

"आणि गाडी?"

"लॉक आहे."

तात्यांनी फोन माझ्या हातात दिला. "हा तुझ्याकडचा माणूस. तूच बोल."

शेवटी पुण्याहून चावीवाला नेला, त्याने दार उघडलं, आणि मेहुणा परत आला तो थेट तात्यांच्या तावडीत. "चोराने काच फोडली असती तर खणात किल्ली आयती होती. मग इन्शुरन्सवाला म्हणाला असता, दोन्ही किल्ल्या जमा करा. कुठून आणणार होतास? चोराकडून?" यानंतर त्यांच्या बोलण्यात पोलिसांची 'अ समरी' आली. चोरी झाली हे खरं, पण चोर सापडत नाही, असं पोलीस लिहून देतात तो कागद. तात्यांची गाडी आयुष्यात कधी चोरीला गेलेली नाही. पण ज्ञानासाठी अनुभव लागतो असं मानणाऱ्यांतले ते नव्हेत.

दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी बटण दाबून सुरू होणारी गाडी घेतली तेव्हा तात्यांना नवं क्षेत्र मिळालं. ही किल्ली खिशातूनच गाडीशी बोलते, आणि चोर दोन यंत्रं घेऊन ते बोलणं घराच्या दारापासून गाडीपर्यंत पोचवतात. गाडीला वाटतं, मालकीण आली. तात्या म्हणाले, "रात्री झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा. धातूतून सिग्नल जात नाही." वहिनींनी ऐकलं. सकाळी ऑफिसला निघताना किल्ली मिळेना. डबा कुठला, तेच आठवेना. डाळी, रवा, शेंगदाणे ओट्यावर आले, मुलाची स्कूलबस चुकली, आणि तात्या दारात.

"दुसरी कुठाय?"

"दोन्ही एकाच डब्यात ठेवल्या हो!"

किल्ल्या दुपारी पोह्यांत सापडल्या. तात्यांनी आपल्या सल्ल्याची जबाबदारी अर्थातच घेतली नाही. उलट, किल्लीच्या आतली गोल बॅटरी संपली तर किल्लीच सुरूच्या बटणाला टेकवून धरायची, हे पोहे निवडत बसलेल्या वहिनींना समजावून सांगितलं.

खरा कडेलोट झाला तो एका लग्नात. वधूपित्याने स्टेजवर जावयाच्या हातात पुठ्ठ्याची हातभर लांब किल्ली दिली. गाडी ही प्रेमाची भेट होती. हुंड्याला 1961 पासून कायद्याने बंदी असल्यामुळे आपल्याकडे प्रेम फार वाढलं आहे. फोटोसाठी सगळे हसत उभे असताना डोक्यावर अक्षता पडलेले तात्या स्टेजवर चढले आणि जावयाला विचारते झाले, "दुसरी कुठाय?" वराकडची मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागली. वधूपिता शांतपणे म्हणाला, "ती मुलीच्या पर्समध्ये आहे. आणि गाडीही तिच्याच नावावर आहे." तात्यांनी भर मांडवात त्या माणसाला नमस्कार केला. त्यांना कुणापुढे वाकताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

वैताग असा, की तात्यांचं बरोबर असतं. हल्लीच्या किल्लीच्या प्लास्टिकच्या मुठीत तांदळाच्या दाण्याएवढी चिप असते. स्विचभोवतीचं तारेचं वेटोळं तिला जागं करतं, ती आपली खूण सांगते, आणि खूण पटली तरच इंजिन चालू राहतं. चावीवाल्याने कानशीने घासून हुबेहूब किल्ली केली तरी नुसतं दार उघडतं. हातात एक चालती किल्ली असेल तर तिसरी करून घेणं बऱ्याच गाड्यांत सोपं असतं. दोन्ही गेल्या की गाडी ओढत न्या, कागदपत्रं दाखवा, आणि बिल बघून घेरी येऊ नये म्हणून खुर्चीवर बसा. जुनी गाडी विकतानाही घेणारा दुसरी किल्ली मागतो आणि नसेल तर किंमत पाडतो.

या छळाला कंटाळून एकेकाने आपली दुसरी किल्ली तात्यांच्याच घरी नेऊन ठेवली. त्यांच्या दाराआडच्या फळीवर आता सगळी सोसायटी टांगलेली आहे. प्रत्येक आकड्याखाली फ्लॅट नंबर, गाडीचा नंबर, तात्यांच्या टपोऱ्या अक्षरात. मध्यरात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं असलं तर लोक आधी त्यांची बेल वाजवतात, आणि ते बटणं लावत दार उघडतात. पाच-पंचवीस लाखांच्या गाड्या आपण या माणसाच्या भिंतीवर बिनधास्त सोडल्या आहेत. सोसायटीच्या निवडणुकीत खजिनदारपदाला मात्र तात्या दर वेळी पडतात. "हिशेबात फार खोलात जातात," असं लोक म्हणतात.

फळीवर अगदी कोपऱ्यात एका किल्लीखाली फ्लॅट नंबर नाही. परवा मी विचारलं.

"पद्मिनीची," तात्या म्हणाले. प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यातली. विकून जमाना झाला. तेव्हापासून तात्यांकडे गाडी नाही, हे इतक्या वर्षांत माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मुंबईच्या रस्त्यांवरची शेवटची पद्मिनी टॅक्सीसुद्धा 2023 च्या ऑक्टोबरात गेली.

"मग ही तुमच्याकडे कशी?"

"घेणाऱ्याने मागितलीच नाही!" तात्यांचा आवाज चढला. "पहिली घेतली, सेल्फ मारला, निघाला. दुसरी कुठाय, एवढंसुद्धा विचारलं नाही! असल्या गाफील माणसाच्या हाती मी गाडी दिली."

काकू आतून चहा घेऊन आल्या. कप माझ्यासमोर ठेवत म्हणाल्या, "विचारलं होतं हो त्याने. दोनदा विचारलं. हेच म्हणाले, सापडत नाही. त्यापायी त्याने दोन हजार कमी दिले."