परिपत्रक : अवघड साहेबांच्या हाताखाली नोकरी निभावण्याबाबत मार्गदर्शक सूचना

प्रस्तावना :

शासकीय सेवेत नव्याने रुजू होणाऱ्या कर्मचाऱ्याला टिपणी कशी लिहावी, रोकडवही कशी जुळवावी, अधिवेशन काळात तारांकित प्रश्नाचे उत्तर रात्रीतून कसे उभे करावे, हे सगळे शिकवले जाते. साहेबांना तोंड कसे द्यावे, हे मात्र कोणत्याही प्रशिक्षणात नाही. परिणामी कित्येक होतकरू लिपिक परिवीक्षा कालावधी संपण्याआधीच कुलदैवताला नवस बोलू लागतात. नवसांना वित्त विभागाची मान्यता नसल्याने पुढील सूचना निर्गमित करण्यात येत आहेत. या परिपत्रकात ‘साहेब’ म्हणजे मॅडमसुद्धा.

१. व्याख्या

ओरडणारा साहेब तो अवघड साहेब, हा समज सर्वत्र आहे आणि तो चुकीचा आहे. ओरडणारा साहेब दहा मिनिटे ओरडतो, पाणी पितो आणि सही करतो. फाइल पुढे सरकते, तुम्ही घरी जाता. खरा अवघड साहेब गोड बोलतो. ‘बसा ना’ म्हणतो. मुलाची दहावी कशी चालली आहे, ते विचारतो. आणि तुम्ही खूश होऊन बाहेर पडलात की फायलीवर दोनच शब्द लिहून ठेवतो : ‘चर्चा करावी’. सबब साहेबांची वर्गवारी आवाजावरून न करता सहीवरून करावी.

२. हवामान अंदाज

दालनात शिरण्यापूर्वी बाहेरच्या स्टुलावर बसलेल्या शिपाई मामांकडून अंदाज घेणे बंधनकारक आहे. पद्धत अशी :

‘मामा, कसं काय आत?’

‘चहा अर्धा ठेवलाय.’

‘फोन कुणाचा होता?’

‘वरचा.’

एवढ्यावर शहाण्याने फाइल काखेत मारून परत फिरावे. चहा पूर्ण संपलेला असेल आणि फोन घरचा असेल, तरीही घाई करू नये. घरच्या फोननंतरचा साहेब वरच्या फोननंतरच्या साहेबापेक्षा बरा असतो, असे सिद्ध झालेले नाही. मामांच्या चहापाण्याची, सणावाराची आणि मुलीच्या लग्नाची आठवण ठेवावी. हे सौजन्य आहे, लाच नाही.

३. तोंडी आदेश

साहेबांचे सर्वांत आवडते हत्यार म्हणजे तोंडी आदेश. ‘करून टाका, मी आहे ना,’ हे वाक्य कानी पडताच कर्मचाऱ्याने सावध व्हावे. चौकशी लागते तेव्हा यातला ‘मी’ दौऱ्यावर असतो.

यावरचा उतारा पुस्तकातच आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ यांतील नियम ३ सांगतो की वरिष्ठांचे निर्देश शक्यतो लेखी घ्यावेत, आणि ते शक्य नसेल तर नंतर लवकरात लवकर त्यांची लेखी पुष्टी मिळवावी. म्हणजे लेखी मागणे हा उद्धटपणा नसून ते कर्मचाऱ्याचे कर्तव्यच आहे. मात्र हे साहेबांना नियम क्रमांकासह ऐकवू नये. जागेवर येऊन शांतपणे टिपणी लिहावी : ‘आज दुपारी दालनात झालेल्या चर्चेतील निर्देशांनुसार प्रस्ताव सादर. निर्देशांस पुष्टी मिळावी, ही विनंती.’

यानंतर काय होते, ते नीट पाहण्यासारखे असते. साहेब पेनाचे टोपण काढतात. वाचतात. टोपण परत लावतात. चष्मा वर करून विचारतात, ‘हे निर्देशांनुसार कशाला? नुसतं प्रस्तावित आहे असं लिहा ना.’ इथे बहुतेकांचा पाय घसरतो. ‘निर्देशांनुसार’ मध्ये कल्पना साहेबांची असते. ‘प्रस्तावित आहे’ मध्ये ती रातोरात तुमची होते. अशा वेळी अत्यंत नम्रपणे सांगावे, ‘सर, टिपणीच्या पानांना क्रमांक पडलेत, आता पान काढता येणार नाही.’ यासाठी टिपणी लिहिण्याआधीच पानांना क्रमांक घालण्याची सवय लावून घ्यावी. जिथे ई-ऑफिस आहे, तिथे हे पुण्य यंत्रच करते.

फोनवरच्या आदेशासाठी व्हॉट्सअॅपचा उपयोग करावा. फोन ठेवताच संदेश टाकावा : ‘सर, आपण आत्ता सांगितल्याप्रमाणे कार्यवाही करीत आहे.’ निळ्या खुणा उमटल्या की चित्र टिपून ठेवावे. ज्यांनी निळ्या खुणा बंद करून ठेवल्या आहेत, ते साहेब अनुभवी समजावेत.

४. शेऱ्यांचा अर्थ

कायदा म्हणतो, कोणत्याही कर्मचाऱ्याकडे फाइल सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. हा २००५ चा बदल्यांचा आणि विलंब प्रतिबंधाचा कायदा साहेबांनी तुमच्यापेक्षा बारकाईने वाचलेला असतो. म्हणून फाइल ते स्वतःकडे ठेवतच नाहीत. सहाव्या दिवशी शेरा मारून तुमच्याकडे परत पाठवतात. विलंब आता तुमच्या टेबलावर. शेऱ्यांचे व्यवहारातील अर्थ पुढीलप्रमाणे :

‘पाहिले’ : वाचले नाही.

‘बोलावे’ : कागदावर येऊ नये असे काहीतरी सांगायचे आहे. जाताना सोबत एक सहकारी न्यावा.

‘तपासून पुन्हा सादर करावे’ : चूक सापडली नाही, पण असणारच.

‘नियमानुसार उचित कार्यवाही करावी’ : सर्वांत घातक शेरा. काम नीट झाले तर कार्यवाही साहेबांची, बिघडले तर नियम तुम्हाला समजला नाही.

उपाय एकच. ‘चर्चा करावी’ आले की त्याच दिवशी जाऊन चर्चा करावी आणि परत येऊन खाली लिहावे : ‘चर्चा केली. आदेशार्थ सादर.’ तारीख घालावी. फाइल पुन्हा दालनात. हा खेळ तीनदा झाला की चौथ्या वेळी सही होते. साहेबांना पटले म्हणून नव्हे, तर पानावर तारखा फार दिसू लागतात म्हणून.

५. वेळ व रजा

२९ फेब्रुवारी २०२० पासून राज्यात पाच दिवसांचा आठवडा आला आणि कार्यालय सव्वासहाला सुटू लागले. साहेबांना कामाची खरी तहान लागते ती सहा वाजून दहा मिनिटांनी. ‘फक्त पाच मिनिटं या’ अशी हाक आल्यास घरी फोन करून जेवून घ्यायला सांगावे. टेबल पाच वाजताच आवरून, ड्रॉवरला कुलूप लावून, तरीही समोर एक उघडी फाइल ठेवून बसण्याची कला सेवाज्येष्ठ सहकाऱ्यांकडून शिकून घ्यावी. शनिवार सुट्टीचा असला तरी आढावा बैठकीला ही गोष्ट कुणी कळवलेली नसते.

किरकोळ रजा वर्षाला आठ. ‘रजा हा हक्क नव्हे’ हे सेवेतले असे तत्त्व आहे, जे साहेबांना अर्जावर नजर टाकण्याआधीच आठवते. त्यामुळे अर्ज साहेब स्वतः रजेवर निघण्याच्या दिवशी ठेवावा. त्या दिवशी त्यांच्या मनात रजेविषयी अपार करुणा असते.

६. गोपनीय अहवाल

मार्चअखेर जवळ येऊ लागला की साहेबांचा आवाज आपोआप जड होतो. ‘सीआर माझ्याकडे आहे, लक्षात ठेवा,’ ही धमकी पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. तिचा धसका घेण्याचे कारण उरलेले नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये देवदत्त प्रकरणात स्पष्ट केले की अहवालातील प्रत्येक नोंद, बरी असो वा वाईट, कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे. म्हणजे गोपनीय अहवालात गोपनीय एवढे नावच राहिले. वाईट शेरा आला तर त्याविरुद्ध लेखी म्हणणे मांडता येते, आणि तेव्हा सूचना ३ प्रमाणे जमवलेली तारीखवार पाने उपयोगी पडतात. स्वतःच्या कामाचा गोषवारा लिहिताना विशेषणे टाळावीत; किती प्रकरणे आली, किती निकाली निघाली, ते आकड्यांत लिहावे. विशेषणे साहेबांना खोडता येतात.

७. बदली

सूचना ४ मधल्याच २००५ च्या कायद्याने साहेबांचा पदावधी साधारण तीन वर्षे ठरवून दिला आहे, आणि मंत्रालयाबाहेरच्या गट ‘क’ कर्मचाऱ्याला एका कार्यालयात असे दोन पदावधी. याचा सरळ हिशेब असा, की एका टेबलावर बसून दोन साहेब सोसणे शासनाने तुम्हाला मंजूर केले आहे. तिसरा आल्यास तो नशिबाचा भाग.

बदलीचा आदेश आला की कार्यालयात समोशांची मागणी नोंदवली जाते. तत्पूर्वी तीन कामे उरकावीत : प्रलंबित फायलींवर सह्या, तोंडी आदेशांची राहिलेली पुष्टी, आणि हाताखाली तीन महिन्यांहून अधिक काळ काढला असल्यास गोपनीय अहवाल. निघण्याच्या दिवशी साहेबांचे मन हळवे असते आणि सही सढळ. कार्यमुक्त झालेल्या साहेबांकडून सही आणायला पुढे गडचिरोलीलाही जावे लागते.

निरोपाच्या भाषणात ‘साहेबांकडून खूप शिकायला मिळाले’ असे म्हणावे. हे शंभर टक्के खरे असल्याने बोलताना चेहऱ्याची काळजी घ्यावी लागत नाही. शाल-श्रीफळाची वर्गणी आधीच गोळा करावी. नंतर कुणी देत नाही.

प्रत :

१) सर्व कनिष्ठ व वरिष्ठ लिपिक (दालनाचे दार बंद असताना वाचावे)
२) स्वीय सहायक (यांना हे सर्व आधीच ठाऊक आहे)
३) निवडनस्ती

टीप : सदर परिपत्रकाचा मसुदा साहेबांकडे मान्यतेस्तव सादर करण्यात आला होता. तो ‘मजकूर योग्य. शुद्धलेखन तपासून, माझा उल्लेख वगळून, पुन्हा सादर करावा’ या शेऱ्यासह परत प्राप्त झाला आहे. मसुद्यात त्यांचा उल्लेख कोठेच नव्हता.