पावानं काय घोडं मारलं होतं?

अहो, ऐकलंत का? जरा इकडे सरका, त्यांची खिडकी उघडी आहे. बी-विंगच्या वहिनींकडे साजूक तूप यायला लागलंय! लिफ्टमध्ये बरणीच पाहिली मी. इतकी वर्षं दिवाळीचे शंकरपाळे डालड्यातले, आपणच खाल्लेत ना... आणि परवा म्हणतात कशा, "डालडा? आमच्याकडे कुणी हातसुद्धा लावत नाही हो!" सासूबाई शेजारीच उभ्या. काय चेहरा झाला त्यांचा, अगंबाई!

बरं, डालडा काही महागला नव्हता. २०२५च्या बजेटात नव्या रिजीममध्ये १२ लाखांपर्यंतचा टॅक्स गेला, मिस्टरांच्या हाती पगार जरा जास्त पडायला लागला, एवढंच. त्याबरोबर जाडा तांदूळ गेला, एस्टीचा लाल डबाही गेला. माहेरी आता म्हणे एसी गाडीनंच जायचं.

तर काय सांगत होते... हां, बेकरीवाला! २०२३चा जुलै आठवतोय ना? टोमॅटो किलोला शंभराच्या कितीतरी वर. मॅकडोनाल्ड्सनंसुद्धा उत्तरेकडच्या दुकानांत बर्गरमधून टोमॅटो काढला होता, तिथं आपली काय कथा! मी आमटीत आमसूल घालायला लागले, समोरच्या काकू चिंच. कोकणातल्या त्या मावशी येतात ना आमसुलं घेऊन, त्या भाव सांगताना गालातल्या गालात हसायच्या. मी म्हटलं, मावशी, एवढं वाढवलंत? तर म्हणे, "टोमॅटो घ्या मग!"

आणि बेकरीवाल्याचा पाव होता त्याच भावात, बरं का. तरी संध्याकाळी लाद्या तशाच पडून. मलाच विचारतो, "ताई, मी कुठं रेट वाढवला?" अरे बाबा, म्हटलं, घरोघरी पावभाजीच होत नाहीये, तर लोकांनी पाव काय नुसता चघळायचा? एवढंसं तोंड झालं बिचाऱ्याचं. टोमॅटोनं मावशींची दिवाळी केली आणि याचं दिवाळं. पावानं काय घोडं मारलं होतं हो?

ए-विंगच्या काकांचं तसंच. २०२१च्या मे महिन्यात मुंबईत पेट्रोलनं शंभरी ओलांडली. पुढे लॉकडाऊन उठला तरी त्यांच्या गाडीचं कव्हर काही निघेना. गाडी धुणारा पोरगा रोज येऊन कव्हराकडे बघून जायचा. आणि काकू? दुसऱ्या गाडीचं बुकिंग करायचं म्हणत होत्या, त्या इलेक्ट्रिक स्कूटरची चौकशी करायला लागल्या. हळूच हो, कुणाला कळू न देता...

पण खरी मज्जा सी-विंगमध्ये. कुणाला सांगू नका हं. डॉक्टरीणबाईंचं डाएट चालू आहे, रोज ज्वारीची भाकरी. ज्वारी गव्हापेक्षा महाग, तरी हौसेनं आणतात. परवा स्वयंपाकाच्या बाईंना लेक्चर देत होत्या, "तुम्हीसुद्धा भाकरीच खा, हेल्दी असते." बाईंनी हात धुतले, पदराला पुसले आणि म्हणाल्या, "कुठली परवडतीय ताई? रेशनवर गहू फुकट मिळतोय. लहानपणी भाकरी खाताना पोळीसाठी रडायचो, आता पोरं पोळीच खातात."

डॉक्टरीणबाई काय बोलणार! फ्रीज उघडून नुसत्याच आत बघत राहिल्या.